यादी मीच केली होती

तो माणूस मला आवडायचा, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जी किळस येणार आहे ती नुसत्या द्वेषातून आली असं कुणाला वाटायला नको.

तो आमचा साहेब. अमेरिकन, उंच, कायम हसरा. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवायला यायचा, मांडी घालता येत नसतानाही जमिनीवर बसायचा आणि भरलं वांगं हाताने खायचा. बायकोने केलेलं श्रीखंड वाटी चाटूनपुसून संपवायचा. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "तुम्ही लोक म्हणजे माझं कुटुंब आहात." मी दोन दिवस त्या थापेवर खूश असायचो.

रियाधमध्ये ओलायातल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर आमची कंपनी होती. मालक कागदोपत्री सौदी, कारभार अमेरिकनांचा आणि राबणारं उरलेलं जग. मी कॉम्प्युटरवर होतो. पगाराचा प्रोग्रॅम मी लिहिला होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा असे. एक म्हणजे अमेरिकन आणि ब्रिटिश, दोन म्हणजे इतर गोरे, तीन म्हणजे अरब, चार म्हणजे बाकीचे. पगार, घरभाडं, सुट्टी, विमानाचं तिकीट, सगळं त्या आकड्यावरून ठरायचं. एकाच टेबलावर एकच काम करणाऱ्या दोघांना पासपोर्ट बघून वेगवेगळा पगार मिळतो, याचं तिथे कुणालाच काही वाटत नसे. मलाही नाही. माझ्या नावापुढचा चार मीच टाइप केला होता.

इराकने कुवेत घेतलं तेव्हा आमची मुलगी आठ वर्षांची होती. तिला दमा होता. रियाधची धूळ तिला सोसत नसे, खोकून खोकून ओठ निळे पडायचे, दम्याचा पंप उशाशी ठेवूनच आम्ही झोपायचो. त्यामुळे त्या हिवाळ्यात जेव्हा सगळे विषारी वायूबद्दल बोलायला लागले, तेव्हा आमच्या घरात एकच प्रश्न होता. जिला साधी धूळ सोसत नाही तिचं काय होणार? बायको म्हणाली, परत जाऊ या. पण पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, देशाबाहेर जायचा शिक्का कफीलच्या, म्हणजे आमच्या सौदी मालकाच्या, सहीशिवाय मिळत नाही आणि कफीलचा माणूस रोज म्हणे, बुक्रा, उद्या. त्या बुक्रात डिसेंबर गेला.

त्याच सुमारास शहरात अमेरिकन सैनिक दिसू लागले. ओलायात ते क्वचित यायचे, पण बत्ह्यात, जिथे आपले लोक गर्दी करतात, तिथे घोळक्याने फिरायचे. घड्याळं, टेप, सोन्याच्या साखळ्या घ्यायचे. दुकानदार त्यांना बघून खूश व्हायचे आणि त्यांची पाठ वळली की शिव्या घालायचे. चहाच्या टपरीवर सुदानी, पाकिस्तानी, मल्याळी, कोकणी सगळे एकाच बाकड्यावर बसून एकच विषय चघळायचे. हे आले कशाला? तेलाला आले, दुसरं काय.

मला तिथे न्यायचे ते आमच्या कंपनीचे ड्रायव्हर. गुहागरकडचे, साठीला टेकलेले, चौदा वर्षं याच कंपनीत. मुलगी त्यांना चाचा म्हणायची म्हणून आम्हीही चाचाच म्हणायचो. बत्ह्यातल्या एका खोलीत ते आणि त्यांच्या गावचे सात जण राहत. गाडी चालवताना ते फारसं बोलत नसत, पण एकदा सिग्नलला एक लष्करी जीप शेजारी थांबली आणि आतल्या पोराने च्युइंगगम चघळत आमच्याकडे बोट हलवलं, तेव्हा म्हणाले, "भाऊ, काल त्या इराकवाल्याला मोठा कोनी केला, इचारा तुमच्या सायबाला. तवा त्यो दोस्त व्हता. आता वाईट झाला."

मी साहेबाची बाजू घेतली. छोट्या देशाला मोठा देश गिळतो म्हटल्यावर कुणीतरी उभं राहायला नको का, वगैरे. साहेबाचंच वाक्य होतं ते, मी फक्त मराठीत आणलं. हिरवा दिवा लागला, चाचांनी गाडी पुढे काढली.

मग मास्क आले. कंपनीच्या मुख्य कचेरीने पाठवलेले, काळ्या रबराचे, प्रत्येक एका हिरव्या पेटीत. पहिल्या खेपेत तीस. आम्ही कर्मचारी आणि बायकापोरं मिळून तीनशेच्या वर. साहेबाने मला बोलावलं. "रियाधमध्ये राहणाऱ्या सगळ्यांची यादी कर. आधी कुणाला द्यायचे ते एका नजरेत कळलं पाहिजे. दुसरी खेप येतेच आहे."

पुढे काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, बायको सोडून. मला कुणीही सांगितलं नव्हतं की गोऱ्यांना आधी घे. लहान मुलं आधी, आजारी माणसं आधी, असं काही करायला मला कुणी मनाई केली नव्हती. मी खुर्चीत बसलो, पगाराची फाइल उघडली आणि तो एक-दोन-तीन-चारचा आकडा तिथे तयारच होता, म्हणून त्यावर यादी लावली. हात आपोआप गेला. प्रत्येक आकड्याच्या आत पुन्हा आडनावाच्या क्रमाने. अर्ध्या तासात काम झालं. प्रिंटरच्या कागदाच्या दोन्ही कडेच्या भोकांच्या पट्ट्या नीट फाडून यादी साहेबापुढे ठेवली. त्याने वरवर चाळली, म्हणाला, "सुंदर," आणि सही केली. मास्क दुसऱ्या पानाला पोचायच्या आत संपले.

ऑफिसातले वाया गेलेले कागद मी मुलीला चित्रं काढायला घरी न्यायचो. त्या संध्याकाळी यादीची एक जादा प्रत त्यात गेली. मुलगी मागच्या कोऱ्या बाजूला उंट काढत बसली होती. बायकोने कागद उलटा केला.

"हे काय आहे?"

मी सांगितलं.

तिने एकेक पान उलटत आमचं नाव शोधलं. सहाव्या पानावर सापडलं, खालून चौथ्या ओळीत. "आणि हे तुम्ही केलंत?"

"अगं, दुसरी खेप येणार आहे."

"यात तिचा दमा कुठे लिहिलाय?"

लिहिलेला नव्हता. तसा रकानाच नव्हता. बायकोने कागद परत मुलीपुढे ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मुलीने उंटाला खाली पिवळं वाळवंट काढलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबाकडे गेलो. एक मास्क द्या, मुलगी आजारी असते, तुम्हाला माहीत आहे. तो खरंच हळहळला. तिच्या पंपाची चौकशी केली. मग माझ्याच यादीवर बोट ठेवून म्हणाला, "पण मित्रा, ही तर तुझीच यादी आहे. एकासाठी मोडली तर सगळ्यांसाठी मोडावी लागेल. न्यायाचं काय?" हे बोलताना तो हसत नव्हता, मनापासून बोलत होता. त्याच्या कपाटावर त्याची स्वतःची हिरवी पेटी होती. मी "येस सर" म्हणालो. दुसरी खेप कधी आलीच नाही.

जानेवारीत युद्ध सुरू झालं. विमानतळ बंद, शाळा बंद. कुठूनशी एक व्हिडिओ कॅसेट ऑफिसात आली आणि कॉन्फरन्स रूममध्ये आम्ही सगळे बघायला जमलो. वरून दिसणारं एका इमारतीचं छप्पर, त्यावर एक फुली, मग पडदा पांढरा. साहेबाने आणि त्याच्या दोस्तांनी टाळ्या पिटल्या, आपल्याकडे षटकाराला पिटतात तशा. त्या छपराखाली कुणी कारकून बसला असेल, कुणी चहा नेऊन देत असेल, असं एकाच्याही मनात आलं नसावं. मीही टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते. परत टेबलाशी आलो तेव्हा हाताला काहीतरी लागल्यासारखं वाटलं आणि मी उगाच जाऊन साबणाने हात धुतले.

मग रियाधवर क्षेपणास्त्रं पडायला लागली. झोपायच्या खोलीच्या खिडक्या आम्ही तपकिरी टेपने बंद केल्या होत्या. भोंगा वाजला की दाराच्या फटीला ओले टॉवेल लावून तिघं आत बसायचो. बंद खोलीत, त्या टेपच्या डिंकाच्या वासात मुलीची छाती वाजायला लागायची. बाहेरच्या वायूपेक्षा आतल्या हवेनेच ती गुदमरेल असं वाटायचं. दार उघडावं तरी भीती, न उघडावं तरी भीती. बायको तिची पाठ चोळायची आणि माझ्याकडे बघायची नाही.

पहिलं क्षेपणास्त्र पडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेबाने सामान बांधलं. तो जेद्दाहून "समन्वय" करणार होता. जेद्दा रियाधपासून हजार किलोमीटरवर, तिथे काही पडण्याची भीती नव्हती. निघताना त्याने सगळ्यांशी हात मिळवले. "खंबीर राहा. या शहराला काही होऊ देणार नाही आम्ही." हिरवी पेटी काखेत मारून तो लिफ्टमध्ये शिरला. गाडी चाचा चालवणार होते.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी चाचा आमच्या दारात उभे. डोळे लाल, कपड्यांवर प्रवासाची धूळ, हातात ती पेटी.

"साहेबाची राहिली का?" मी विचारलं.

"ऱ्हावली नाय. हाटेलच्या दारात मी पेटी काढून दिली त्येंच्या हातात. तर बोलले, नो नीड, नो नीड. परत सीटवर टाकलान आनि आत गेले." पेटी त्यांनी बायकोच्या हातात दिली. "पोरीला घाला ही. तिला शास लागतो ना."

"आणि तुम्हाला हो, चाचा?" बायकोने विचारलं. "तुम्ही तर दिवसभर रस्त्यावर."

"मी काच वर करतो," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

मास्क मोठ्या माणसाचा होता. मुलीच्या तोंडावर घातला की हनुवटीखालून हात जाईल एवढी फट राहायची. बायकोने मागचे रबरी पट्टे सरळ कात्रीने कापले, परकराचं इलॅस्टिक काढून जोडलं आणि सुई बोटात शिरत असताना दुहेरी शिवण घातली. पुढच्या, हवा गाळणाऱ्या डब्याचं सीलही आम्हीच फोडलं, कसं लावायचं ते बघायला. एवढं करूनही तो बरोबर बसत नव्हता हे मला दिसत होतं. पण मुलगी तो घालून घरभर हत्तीसारखी फिरली, आम्ही तिघं किती दिवसांनी हसलो आणि त्यानंतर भोंगा वाजला की तिची छाती पूर्वीइतकी वाजायची नाही. घाबरली नाही की तिचा दमा अर्धा व्हायचा, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बायको माझ्याशी पुन्हा बोलायला लागली. आमच्या घरात त्या युद्धात जे काही वाचलं ते त्या पेटीमुळे वाचलं.

युद्ध संपलं आणि साहेब परतला. चांगला उन्हात रापलेला. बरोबर टी-शर्टांचं खोकं, प्रत्येकावर एक उंट आणि उंटावरून उडणारं लढाऊ विमान. ऑफिसातला म्हातारा सुदानी शिपाई चहा घेऊन आला, कप टेबलावर ठेवला आणि त्याने तोंड उघडायच्या आधीच साहेब मोठ्याने म्हणाला, "यू आर वेलकम!" म्हाताऱ्याला कळेना आपण आभार कधी मानले. खोलीत सगळे हसले. मला त्या क्षणी पहिल्यांदा त्या माणसाची शिसारी आली. वांगं खाणारे ते हात, ती थाप, सगळ्याचीच.

मग निरोप आला की मास्क मुख्य कचेरीला परत पाठवायचे आहेत. पुन्हा यादी. तीसपैकी एकोणतीस आले. तिसावा साहेबाचा स्वतःचा. कफीलच्या माणसाने साहेबाला विचारलं, साहेब म्हणाला गाडीत राहिला असेल. कफीलच्या माणसाने चाचांना बोलावलं.

मास्क माझ्या घरी होता. पट्टे कापलेले, इलॅस्टिक शिवलेलं, सील फोडलेलं. तो परत दिला असता तर तो कुठे होता हे आंधळ्यालाही कळलं असतं. चाचांनी सांगितलं, वाटेत हरवला. साहेब नको म्हणाले होते, हेही सांगितलं. ते कुणी लिहून घेतलं नाही. सुरक्षेचं सामान चोरून बत्ह्यात विकलं, असं ठरलं. चौदा वर्षांची नोकरी, पासपोर्टवर कायमचं बाहेर जाण्याचा शिक्का, आठवड्यात निघायचं. खलास.

मी साहेबाच्या खोलीत गेलो. जाताना वाटेत वाक्य घोकलं होतं, मास्क माझ्या घरी आहे, माझ्या मुलीसाठी होता. आत गेल्यावर तोंडून निघालं ते असं: "सर, चाचा सांगतात की तुम्हीच त्यांना नको म्हणालात."

"म्हणालो असेन. नक्की आठवत नाही. फार धावपळ होती."

"मग तुम्ही एक शब्द टाकलात तर..."

त्याने पेन खाली ठेवलं. चेहऱ्यावर तीच हळहळ, मुलीच्या पंपाची चौकशी करताना होती ती. "हे बघ, हा इथला मामला आहे. मालक त्यांचा, कायदा त्यांचा. आपण इथे पाहुणे. इथल्या लोकांच्या कारभारात ढवळाढवळ करणं आमच्या तत्त्वात बसत नाही."

सात समुद्र ओलांडून रणगाडे घेऊन आलेल्या देशाचा माणूस मला हे सांगत होता, आणि सांगताना त्याचा डोळासुद्धा लवला नाही. त्याला त्यात काही विसंगत दिसतच नव्हतं. पण सगळी किळस त्याच्यावर ढकलून मोकळं होता येत नाही, कारण माझ्या तोंडात ते वाक्य अजून तसंच होतं. मुलीची शाळा, माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, तिजोरीतले तीन पासपोर्ट. मी "येस सर" म्हणालो. त्याने खोक्यातून सगळ्यात लहान टी-शर्ट काढला. "तुझ्या मुलीला." मी तो घेतला आणि थँक यू म्हणालो.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चाचा निरोप घ्यायला आले. बायकोने त्यांच्यासाठी बेसनाचे लाडू बांधून ठेवले होते. ती वाकून नमस्कार करायला लागली तर त्यांनी मागे सरून हात जोडले. मला म्हणाले, "भाऊ, तुमी काय बोलू नका आता. पोरीची शाळा हाय. मना तसंबी जायाचंच व्हतं." मी बोललोच नव्हतो, हे त्यांना माहीत होतं. ऑफिसात असल्या गोष्टी लपत नाहीत.

मुलगी आतून पेटी घेऊन आली. आमच्या बोलण्यातून तिने काय काय ऐकलं होतं कोण जाणे. पेटी चाचांच्या पायाशी ठेवून म्हणाली, "चाचा, ये आप वापस दे दो. फिर वो आपको रहने देंगे."

चाचा खाली बसले. पेटी उघडली, मास्क बाहेर काढला, इलॅस्टिकवरच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. "आता ही तुझ्या मापाची झाली, बाय," ते म्हणाले. "दुसऱ्या कोनाला होनार नाय."

तिचं समाधान झालं नाही. ती माझ्याकडे वळली. "बट बाबा, तुम्ही त्यांना सांगितलंत ना, की ती माझ्याकडे आहे?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं, पण चाचा माझ्या आधी बोलले.

"सांगितला की. तुझ्या बाबांनी सगळा सांगितला. तुझ्या बाबांसारखा मानूस नाय मिलनार. त्येंनीच ऐकला नाय."

तिने खात्री करून घ्यायला माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून.